इंजिनाचा श्वास

मोटारीच्या इंजिनास काय काय लागते असे कोणास विचारले, तर पेट्रोल किंवा डिझेल, ऑइल आणि पाणी ही तीन नावे तत्काळ पुढे येतात. चौथ्या पदार्थाचे नाव सहसा कोणी घेत नाही. कारण तो पंपावर मिळत नाही आणि त्यास मोल पडत नाही. तो पदार्थ म्हणजे हवा. वस्तुतः इंजिनाच्या पोटात इंधनापेक्षा हवाच कितीतरी अधिक जाते. एक किलो पेट्रोल नीट जळावयास सुमारे १४.७ किलो हवा लागते. वजनाची भाषा सोडून आकारमानाच्या भाषेत बोलावयाचे, तर एका लिटर पेट्रोलमागे इंजिन सुमारे ९,००० लिटर हवा ओढून घेते. दहा फूट लांब, तितक्याच रुंद आणि तितक्याच उंच अशा खोलीतील सारी हवा जेमतेम तीन लिटर पेट्रोलबरोबर संपते.

ही हवा ज्या वाटेने आत शिरते ती वाट दिसावयास अगदी साधी असते. बॉनेटखाली एक काळी प्लास्टिकची पेटी, तीत घड्या घातलेल्या कागदाची गाळणी, आणि तेथून इंजिनापर्यंत गेलेली एक जाड रबरी नळी. ही पेटी उपटून काढावयाची, तिच्या जागी बाजारातून आणलेली रुंद, गुळगुळीत नळी व शंकूच्या आकाराची गाळणी बसवावयाची, आणि हे सारे मिस्त्रीकडे न जाता घरच्या घरी उरकावयाचे, असा एक छंद अमेरिकेत फार पसरलेला आहे. छंद म्हटले तरी त्यात गुंतलेली वस्तू खेळण्यातली नव्हे. तेथे ‘ट्रक’ म्हणतात तो बहुधा आपल्याकडील मालट्रक नसून पुढे बसावयाची जागा आणि मागे उघडा हौदा असलेली पिकअप गाडी असते. फोर्ड कंपनीची एफ मालिका ही १९७७ पासून त्या देशात सर्वांत अधिक खपणारी पिकअप मानली जाते. सुतार, नळकाम करणारा, शेतकरी, घरे बांधणारा कंत्राटदार अशा कित्येकांचे पोट या गाडीवर चालते. गॅरेजची मजुरी भारी, घराला लागून स्वतःची गाडीखोली आणि भिंतीवर टांगलेले पान्हे. तेव्हा रविवारी दुपारी बॉनेट उघडून आपल्याच हाताने काही करून पाहावे अशी बुद्धी होणे साहजिक आहे.

विकणारे सांगतात ते असे. कारखान्याने बसविलेली पेटी अरुंद, नळी वाकडीतिकडी, कागद दाट. त्यामुळे इंजिनाचा श्वास कोंडतो. नळी मोकळी केली आणि थंड हवा आत घेतली की दहापंधरा अश्वशक्ती वाढेल, आणि पेट्रोलही वाचेल. या म्हणण्यात सत्याचा अंश नाही असे नव्हे. मात्र तो अंश नेमका केवढा, हे पाहावयास इंजिनाच्या श्वासाचा थोडा हिशेब मांडला पाहिजे.

पेट्रोल इंजिनात ॲक्सिलरेटरवर पाय दाबला म्हणजे पेट्रोल वाढते असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात पायाने उघडते ती हवेची झडप. तिला थ्रॉटल म्हणतात. हवा किती आली हे पाहून पेट्रोल किती सोडावयाचे हे पुढे ठरते. गाडी सपाट रस्त्यावर निवांत चालली असता ही झडप बरीचशी मिटलेलीच असते. म्हणजे चालकाने स्वतःच हवा कोंडून धरलेली असते. अशा वेळी झडपेच्या अलीकडे गाळणी मोकळी असली काय आणि थोडी दाट असली काय, फरक पडावा कसा? गाळणीने जो अडथळा केला तो भरून काढावयास झडप केसभर अधिक उघडते, एवढेच. अमेरिकेच्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने २००९ साली हाच प्रश्न तपासून पाहिला. धुळीने तुंबलेली गाळणी बदलून नवी बसविली, तर संगणकाने इंधन सोडणाऱ्या आधुनिक गाड्यांत पेट्रोलच्या खपावर म्हणण्यासारखा परिणाम दिसला नाही. जोरात वेग घेण्यात मात्र काही टक्के सुधारणा दिसली. आता तुंबलेल्या गाळणीच्या जागी नवी आली तरी पेट्रोल वाचत नसेल, तर स्वच्छ गाळणीच्या जागी दुसरी स्वच्छ गाळणी आल्याने ते वाचेल ही आशा फोल होय.

झडप सताड उघडली म्हणजे गोष्ट वेगळी होते. शेव्हरोलेट सिल्वराडो या पिकअपमध्ये वर्षानुवर्षे येत असलेले ५.३ लिटरचे, आठ सिलिंडरांचे इंजिन घेऊ. चार धावांच्या इंजिनात दर दोन फेऱ्यांत एकदा सिलिंडर भरतो. तेव्हा मिनिटाला ५,००० फेरे होत असतील, तर ते इंजिन मिनिटाला सुमारे १३,००० लिटर हवा मागते. एवढा लोंढा जात असता नळीचे प्रत्येक वळण जाणवते आणि रुंद नळीचा थोडाफार लाभ खरोखरच होतो. परंतु पिकअपचा मालक दिवसातून किती क्षण पाय तळाशी टेकवून गाडी हाकतो, हे त्याचे त्यालाच ठाऊक.

थंड हवेची गोष्ट अशीच अर्धी खरी आहे. हवा थंड तितकी दाट. ५० अंश सेल्सिअसची हवा ३० अंशांवर आणली तर तिचा दाटपणा साडेसहा टक्क्यांच्या आसपास वाढतो, आणि त्या मानाने प्राणवायूही अधिक मिळतो. पण कारखान्याची पेटी काही इंजिनावरची तापलेली हवा घेत नाही. तिचे तोंड बहुधा मडगार्डच्या आतील पोकळीत किंवा पुढच्या जाळीमागे, बाहेरच्या हवेत असते. उलट बाजारची स्वस्त जोडणी पुष्कळदा उघडा शंकू इंजिनाशेजारीच टांगून ठेवते. गाडी सिग्नलला उभी राहिली की बॉनेटखालची सगळी धग हाच शंकू ओढू लागतो. नाव थंड हवेचे आणि पोटात गरम हवा, असा हा प्रकार होतो. म्हणून ज्या जोडणीत शंकूभोवती पत्र्याची किंवा प्लास्टिकची भिंत असते, आणि ती भिंत बॉनेट मिटल्यावर वरून रबराने बंद होते, तीच विचारात घेण्यासारखी.

मग बसविणाऱ्याला गाडी एकदम ताकदवान झाल्यासारखी का वाटते? याचे उत्तर आवाजात आहे. कारखान्याच्या नळीला मध्येच एखादा बंद डबा चिकटवलेला आढळतो. तो उगाच दिलेला नसतो. एकोणिसाव्या शतकातील जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी अशा पोकळ भांड्यांचा अभ्यास केला होता. बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की ठराविक सूर निघतो, त्याच तत्त्वावर तो डबा एका ठराविक सुराची गुणगुण गिळून टाकतो. डबा गेला, नळी रुंद झाली, की इंजिन श्वास घेताना जो घर्घर आवाज करते तो थेट चालकाच्या कानी येतो. कान म्हणतात जोर वाढला, आणि मन त्यावर विश्वास ठेवते. आवाजासाठीच कोणी पैसे खर्च करीत असेल तर त्यात गैर काही नाही. फक्त तसे मनाशी कबूल असावे.

आता खरा प्रश्न. त्या पेटीचे पहिले काम हवा देणे हे नव्हेच. धूळ अडविणे हे होय. रस्त्यावरच्या धुळीत गारगोटीचे, म्हणजे स्फटिकाचे कण असतात. काठिण्याच्या मोह्‌स पट्टीवर गारगोटीचा क्रमांक ७ आहे. साधे पोलाद तिच्यापुढे मऊ पडते. पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडरची भिंत यांच्यामध्ये ऑइलचा जो पापुद्रा असतो तो काही मायक्रॉनच जाड असतो. माणसाचा केस सुमारे ७० मायक्रॉन जाड धरला, तर या पापुद्र्याची कल्पना यावी. डोळ्यांना दिसणारा जाडा कण कुठेतरी अडकतो, पडतो. पाच ते वीस मायक्रॉनांचा न दिसणारा कण मात्र त्या पापुद्र्यात शिरून सहाणेसारखा घासत राहतो. रिंगा झिजतात, सिलिंडर गुळगुळीत न राहता ओरखडतो, गाडी ऑइल खाऊ लागते, निळा धूर मारते, आणि एके दिवशी मिस्त्री सांगतो की इंजिन उतरवून पुन्हा बांधावे लागेल. हे सारे सावकाश घडते. गाळणी बसविल्याच्या दिवशी काहीच दिसत नाही, आणि दिसते तेव्हा गाळणीची कोणास आठवण राहिलेली नसते.

ट्रॅक्टर शेतात उतरले तेव्हाच ही गोष्ट कळून चुकली होती. नांगरटीची धूळ इंजिने खाऊन टाकीत असे. १९१५ साली अमेरिकेत फ्रँक डोनाल्डसन यांनी ट्रॅक्टरसाठी हवा गाळण्याचे साधन बनवून त्याचाच उद्योग उभा केला. पुढे तेलाच्या वाटीवरून हवा वळवून धूळ तेलात चिकटविणारे ऑइल बाथ फिल्टर आले. जुन्या ट्रॅक्टरांवर व ट्रकांवर ते अजूनही पाहावयास मिळतात. त्यानंतर घड्यांचा कागद आला. या गाळण्या तपासण्याची आंतरराष्ट्रीय पद्धत ठरलेली आहे, आणि त्या परीक्षेसाठी वापरावयाची प्रमाणित धूळ मुळात ॲरिझोनाच्या वाळवंटातील असून तिच्या बारीकपणाच्याही ठराविक प्रती आहेत.

या परीक्षेचे आकडे वाचताना एक चूक सहज होते. एक गाळणी शंभरातील ९९ भाग धूळ अडविते आणि दुसरी ९९.९ भाग, असे म्हटले की दोघींत फरक एक टक्क्याहूनही कमी आहे असे वाटते. परंतु अडलेली धूळ मोजावयाची नसून आत गेलेली धूळ मोजावयाची आहे. पहिलीतून एक भाग आत गेला, दुसरीतून एक दशांश. म्हणजे दसपट फरक. कच्च्या रस्त्यावर दर घनमीटर हवेत १० मिलिग्रॅम धूळ आहे असे धरून चालू. एक हजार लिटर पेट्रोल जळेपर्यंत ९० ग्रॅम धूळ गाळणीवर येईल. पहिल्या गाळणीने त्यातली सुमारे एक ग्रॅम इंजिनात सोडलेली असेल, दुसरीने त्याचा दहावा हिस्सा. मोकळ्या श्वासासाठी जाळी विरळ केली तर ती कोठे विरळ झाली, हे पाहावे ते येथे. विकत घेणाऱ्याने अश्वशक्तीचा आकडा विचारण्यापूर्वी धुळीचा आकडा विचारावा. जो विक्रेता तो देऊ शकत नाही त्याची नळी कितीही चकाकत असली तरी ती त्याच्याच दुकानात राहिलेली बरी.

हे सगळे जाणूनही कोणी बसवू म्हणेल, तर काम अवघड नाही. दोन तासांचे आहे. इंजिन पूर्ण थंड असावे, गाडी सपाट जागी उभी असावी. प्रथम बॅटरीचे ऋण टर्मिनल सोडवून बाजूला करावे. त्यानंतर नळीवरच्या एका छोट्या साधनाकडे विशेष लक्ष द्यावे. हा हवा मोजणारा सेन्सर. त्यात प्लॅटिनमची अतिशय बारीक तार वा पातळ पत्री विजेने तापवून ठेवलेली असते. जाणारी हवा तिला निववते, आणि ती तितकीच तापलेली राहावी म्हणून किती वीज लागली यावरून संगणक हवेचे वजन ओळखतो व त्या प्रमाणात पेट्रोल सोडतो. त्याची वायर ओढून काढू नये. खटका दाबून अलगद सोडवावी. मग पेटी आणि नळी यांचे क्लॅम्प ढिले करावेत, आणि इंजिनाच्या पोटातील वाफ परत आणणारी बारीक नळी सोडवावी. पेटी बहुधा रबरी बुचांवर नुसती दाबून बसविलेली असते. ती वर उचलली की निघते.

पेटी निघताच थ्रॉटलचे उघडे तोंड दिसते. त्या तोंडात तत्काळ स्वच्छ, मोठे फडके बसवावे. लहान फडके आत ओढले जाण्याची भीती असते, आणि फडकेच नसेल तर हातातून निसटलेला एखादा स्क्रू नेमका तेथेच जातो; तो सिलिंडरात उतरला तर पिस्टनचे काय होते ते सांगावयास नको. फडके काढावयाचे विसरू नये म्हणून काही जण त्याचे एक टोक स्टिअरिंगपर्यंत नेता येईल इतके लांब कापड वापरतात. हास्यास्पद वाटले तरी उपाय नामी आहे.

सेन्सर जुन्या पेटीतून काढून नव्या नळीत बसवावयाचा. त्याच्या तारेला बोट लावू नये, फुंकरही मारू नये. त्याच्या अंगावर हवेच्या दिशेचा बाण असतो. तो इंजिनाकडे आला पाहिजे. नवी नळी आणि जुनी नळी यांची सेन्सरच्या जागेवरची रुंदी सारखी नसेल तर मोठा घोटाळा होतो. नळी रुंद झाली की तितकीच हवा त्या जागी सावकाश वाहते, तार कमी निवते, आणि हवा कमी आली असे समजून संगणक पेट्रोल कमी सोडतो. मिश्रण कोरडे पडते. दुसऱ्या एका सेन्सरने धुरातला प्राणवायू पाहून तो ही चूक काही मर्यादेपर्यंत दुरुस्त करतो. मर्यादा ओलांडली की समोरच्या फळीवर इंजिनाचा पिवळा दिवा लागतो. चांगली जोडणी ही त्या विशिष्ट गाडीसाठी, त्या विशिष्ट सालासाठी बनविलेली असते, ती याचकरिता.

नवी नळी बसविताना सगळे क्लॅम्प आधी ढिलेच ठेवावेत. नळी, भिंत, शंकू सारे आपापल्या जागी बसले, कुठे ताण नाही असे दिसले, की मगच एकेक आवळावा. जोराने आवळल्यास रबर कापले जाते. जड ओझे ओढताना इंजिन आपल्या रबरी पायांवर कलते, तेव्हा नळी व आजूबाजूचे धातू यांत निदान बोटभर अंतर हवे. बॉनेट एकदा हळूच मिटवून पाहावे. शेवटी फडके काढावे, बारीक नळी जोडावी, सेन्सरची वायर लावावी, बॅटरी जोडावी. इंजिन सुरू केल्यावर रबरी पाइपचा हातभर तुकडा एक टोक कानाशी धरून दुसऱ्या टोकाने प्रत्येक सांध्याजवळून फिरवावा. कोठे हवा शिरत असेल तर सूं असा आवाज स्पष्ट ऐकू येतो. सेन्सरच्या पुढे फटीतून शिरलेली हवा दुहेरी अपाय करते. ती मोजलीही जात नाही आणि गाळलीही जात नाही. पहिले काही दिवस इंजिन जागेवर उभे असता थोडे अडखळेल. बॅटरी सोडविल्याने संगणक आपले शिकलेले विसरतो, ते पुन्हा शिकावयास त्यास अवधी लागतो.

कापसाच्या, तेल लावावयाच्या गाळण्यांचे आणखी एक पथ्य आहे. त्या धुऊन पुन्हा वापरता येतात हा त्यांचा गुण. धुतल्यावर सावलीत आपोआप वाळू द्याव्यात, आणि तेल बेताचे लावावे. हौसेने चोपडलेले तेल हवेबरोबर पुढे जाऊन त्या बारीक तारेवर बसते आणि सगळी मोजणी बिघडते. तेल कमी पडले तर धूळ अडत नाही. हा बेत हाताला कळण्यास काही वेळ जातो.

पाण्याचेही भय लक्षात घ्यावे. काही जोडण्या थंड हवेच्या लोभाने शंकू खाली, चाकाजवळ नेतात. वर उल्लेखिलेल्या इंजिनाचा एक सिलिंडर सुमारे ६६० घनसेंटिमीटरचा आहे. दाब १० ला १ धरला तर पिस्टन वर आल्यावर शिल्लक जागा राहते ती सुमारे ७३ घनसेंटिमीटर. अर्ध्या कपाहून फारसे अधिक नव्हे एवढे पाणी आत गेले तरी ती जागा भरते. पाणी हवेसारखे दबत नाही. पिस्टन जागीच अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. पावसाळ्यात ज्यांना फरशीवरून वाहणारा ओढा ओलांडावा लागतो त्यांनी आपल्या गाडीचे नाक कोठे आहे हे आधीच पाहून ठेवावे.

कायद्याची बाजू त्या देशात अशी. १९७५ च्या मॅग्नुसन-मॉस कायद्यान्वये केवळ बाहेरचा भाग बसविला एवढ्यावरून कारखान्यास हमी नाकारता येत नाही. त्या भागानेच बिघाड झाला हे दाखवावे लागते. मात्र धुळीने खरडलेले सिलिंडर ही गोष्ट दाखविणे कारखान्याला कठीण नसते. कॅलिफोर्नियात याहून कडक नियम आहे. तेथील हवा मंडळाने तपासून क्रमांक दिलेलीच जोडणी रस्त्यावरच्या गाडीस चालते, आणि त्या क्रमांकाची चिठ्ठी बॉनेटखाली चिकटवावी लागते. धूर तपासणारा प्रथम ती चिठ्ठीच शोधतो. म्हणून जाणते लोक काढलेली जुनी पेटी फेकून न देता माळ्यावर ठेवतात.

आपल्याकडे या हौसेला वाव त्याहून कमी आहे. मोटार वाहन कायदा १९८८ मधील ५२ वे कलम कारखान्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल करण्यास मनाई करते. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये या कलमाचा अर्थ कडकपणेच लावला, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अनधिकृत बदलापोटी मालकास प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड वा सहा महिन्यांपर्यंत कैद ठेवली. शिवाय १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहाची इंजिने आली. त्यांच्या धुराची सारी व्यवस्था आत गेलेल्या हवेच्या अचूक मोजणीवर उभी आहे. मोजणी ढळली की धुराचे यंत्र तुंबते, आणि ते यंत्र स्वस्त नाही.

मालट्रकाचे डिझेल इंजिन तर वेगळ्याच चालीचे. त्यात पेट्रोल गाडीप्रमाणे हवा कोंडून वेग राखण्याची रीत नाही. हवा नेहमीच मुबलक घ्यावयाची आणि ताकद डिझेलच्या मापाने ठरवावयाची. त्यातून टर्बो आला. टर्बोचे छोटे चाक मिनिटाला लाखाच्या आसपास फेरे घेते. गाळणीतून निसटलेली धूळ त्या पात्यांच्या कडा वाळूच्या फवाऱ्यासारखी खाते. म्हणून ट्रकचे नाक केबिनच्या मागून वर, टपाच्या उंचीपर्यंत नेलेले असते. धूळ चाकांशी दाट आणि वर विरळ, एवढाच त्यातला हिशेब. गोव्यात २०१२ पूर्वीच्या तेजीच्या काळात उसगाव, सावर्डे, कुडचडे भागांतून मांडवी-जुवारीच्या धक्क्यांकडे लोहखनिज वाहणाऱ्या ट्रकांच्या रांगा ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना ही तांबडी धूळ निराळी सांगावयास नको. पुढच्या ट्रकने उडविलेली धूळ मागच्या ट्रकच्या पोटात, असा तो क्रम असे.

अशा ट्रकवर नवी नळी बसविण्यापेक्षा जुनी गाळणी सांभाळणे अधिक पैसे वाचविते, आणि नेमके येथेच आपल्याकडे हयगय होते. गाळणी काढून टायरवर आपटणे आणि पंपवाल्याकडून कॉम्प्रेसरची हवा मारून घेणे ही जवळजवळ रूढीच पडली आहे. आपटल्याने तळाचा रबरी काठ वाकतो आणि पुढे त्या फटीतून न गाळलेली हवा जाते. जोराच्या हवेने कागदाला डोळ्यांस न दिसणारी भोके पडतात. अधिक नवलाची गोष्ट अशी की थोडी धूळ बसलेला कागद कोऱ्या कागदापेक्षा चांगला गाळतो. कारण बसलेले कणच पुढच्या कणांची वाट अडवितात. तेव्हा आठवड्याला उघडून झटकणारा मालक आपल्या इंजिनावर उपकार करीत नसतो. पुष्कळ ट्रकांवर गाळणी किती तुंबली हे दाखविणारा निदर्शक असतो. गाळणीपलीकडची ओढ सुमारे ६३५ मिलिमीटर पाण्याच्या दाबाइतकी झाली की त्यात लाल पट्टी दिसते. ती दिसेपर्यंत उघडू नये आणि दिसल्यावर टाळू नये. मोठ्या गाळणीच्या आत दुसरी छोटी सुरक्षा-गाळणी असते. ती कधीही झटकावयाची नसते, ठराविक मुदतीने बदलावयाची असते.

एक तपासणी मात्र अमेरिकेतील पिकअपला आणि गोव्यातील ट्रकला सारखीच लागू आहे, आणि तीस कोणतेही यंत्र लागत नाही. नवी जोडणी झाल्यावर हजारएक किलोमीटरनी, किंवा गाळणी बदलावयाच्या वेळी, गाळणीच्या पुढची, इंजिनाकडे जाणारी नळी सोडवावी आणि पांढरे फडके बोटाला गुंडाळून आतून फिरवावे. फडके स्वच्छ निघाले, किंवा त्यास नुसता तेलकट ओलावा लागला, तर सर्व ठीक आहे. त्यावर मातीचा रंग आला, तर गाळणी बदलून भागत नाही. सांधे, क्लॅम्प, पेटीचा रबरी काठ, आणि टर्बो असेल तर त्याची पातीही एकामागून एक पाहावी लागतात. आणि धूळ कोठून आली ते सापडेपर्यंत गाडी कामावर पाठविता येत नाही.